खिशातील यंत्राची स्मृती

लखनौ शहराच्या दक्षिण अंगास, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, वृंदावन योजना नावाची एक मोठी वसाहत आहे. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने तिची आखणी केली. मोकळ्या जमिनीचे आधी विभाग पाडावयाचे, विभागांचे ठरावीक मापाचे भूखंड करावयाचे, प्रत्येक भूखंडास क्रमांक द्यावयाचा आणि कोणता भूखंड कोणाकडे आहे याची नोंदवही ठेवावयाची, अशी या योजनांची रीत असते. याच वसाहतीच्या मोकळ्या जागेवर फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डेफएक्स्पो’ हे संरक्षणसामग्रीचे प्रदर्शन भरले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गुंतवणूकदारांची जागतिक परिषद झाली. काही दिवसांपुरते मंडप उभे राहिले, काम संपले, जागा पुन्हा मोकळी झाली.

या वसाहतीतील घराघरांत जे स्मार्टफोन आहेत, त्यांच्या अंतरंगातही जागेचा कारभार जवळजवळ याच रीतीने चालतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तेथेही भूखंड आहेत, क्रमांक आहेत, नोंदवही आहे. तेथेही मंडप उभे राहतात आणि उठवले जातात. फरक इतकाच की, हा सारा व्यवहार एका सेकंदात लक्षावधी वेळा होतो. फोनच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर जुना फोन मंद का होतो, हा आज घरोघरी विचारला जाणारा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर या कारभाराची ओळख करून घेतली पाहिजे.

प्रश्न क्षुल्लक नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनौच्या इकाना क्रीडागारात राज्य शासनाने विद्यार्थ्यांना फोन व टॅब्लेट विनामूल्य देण्यास आरंभ केला. पहिल्या समारंभासाठी ६० हजार फोन आणि ४० हजार टॅब्लेट योजले होते. हे क्रीडागार आणि वृंदावन योजना ही दोन्ही ठिकाणे शहीद पथाच्या आसमंतातच येतात. आता कल्पना करावी की, वसाहतीतील एका विद्यार्थिनीपाशी काही वर्षांपूर्वीचा असा एकच फोन आहे. व्याख्याने त्यावर, परीक्षेचे अर्ज त्यावर, शुल्क भरणे त्यावर, आणि घरातील गॅसची नोंदणीही त्यावरच. एके दिवशी पडद्यावर सूचना येते की, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती तयार आहे. ती स्वीकारावी तर फोन रखडण्याची भीती. नाकारावी तर सुरक्षेतील छिद्रे उघडी राहण्याची आणि पुढेमागे बँकेचे अ‍ॅप चालेनासे होण्याची भीती. नवा फोन घेणे तर आवाक्याबाहेरचे. अशा वेळी तिने काय करावे?

स्मृतीचे दोन प्रकार

बोलण्यात सर्वजण ‘मेमरी’ हा एकच शब्द वापरतात. परंतु फोनमध्ये स्मृतीचे दोन अगदी भिन्न प्रकार असतात, आणि निम्मा गोंधळ हा भेद न कळल्यामुळे होतो. पहिला प्रकार म्हणजे साठवण. छायाचित्रे, गाणी आणि अ‍ॅप्स येथे कायमची राहतात. फोन बंद केला तरी पुसली जात नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे कार्यस्मृती, जिला तंत्रज्ञ ‘रॅम’ म्हणतात. जे काम या क्षणी चालू आहे, त्याचीच सामग्री येथे असते, आणि वीज गेली की सारे पुसले जाते.

स्वयंपाकघरातील उदाहरण घ्यावे. कोठीची खोली म्हणजे साठवण आणि ओटा म्हणजे कार्यस्मृती. कोठीत दहा पोती धान्य असेल; पण भाजी चिरावयाची, कणीक मळावयाची ती ओट्यावरच. ओटा लहान असेल तर कोठी कितीही मोठी असून उपयोग नाही, कारण दर वेळी एक भांडे उचलून आत ठेवावे लागेल आणि दुसरे बाहेर आणावे लागेल. या ये-जा करण्यास लागणारा वेळच आपल्याला ‘फोन मंद झाला’ या रूपाने जाणवतो. कार्यस्मृतीतून माहिती उचलण्यापेक्षा साठवणीतून ती उचलण्यास साधारणपणे हजारपट वेळ लागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

ठरावीक मापाचे भूखंड

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनविलेले गणकयंत्र १९६० साली कार्यान्वित झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नलिकांच्या या यंत्राची स्मृती प्रत्येकी ४० अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने ती १०,२४० बाइट भरते. चार गिगाबाइटचा साधा फोन घेतला, तरी त्याची कार्यस्मृती टिफ्रॅकच्या चार लाखपटींहून अधिक आहे. तरीही ती अपुरी पडते. स्मृती वाढली की तिच्यावर हक्क सांगणारेही वाढतात, हा या शास्त्राचा जुना अनुभव आहे.

टिफ्रॅकला नाव मिळाले त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९६२ मध्ये, इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात ‘अ‍ॅटलस’ नावाचे यंत्र कार्यान्वित झाले. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तेथील तज्ज्ञांनी एक मोठी कल्पना प्रत्यक्षात उतरविली. यंत्राची जलद स्मृती लहान होती. तिच्या जोडीस चुंबकीय ढोलाची मोठी पण मंद स्मृती होती. दोहोंचे सारख्या मापाचे तुकडे पाडले, त्या तुकड्यांस ‘पृष्ठे’ म्हटले, आणि जे पृष्ठ हवे असेल तेवढेच ढोलावरून जलद स्मृतीत आणण्याची व्यवस्था यंत्राकडेच सोपविली. आजचा प्रत्येक स्मार्टफोन मुळात याच तत्त्वावर चालतो.

अँड्रॉइड फोनमध्ये हे पृष्ठ परंपरेने ४,०९६ बाइटांचे, म्हणजे चार किलोबाइटांचे असते. चार गिगाबाइटच्या कार्यस्मृतीत अशी १०,४८,५७६ पृष्ठे होतात. कोणते पृष्ठ कोणत्या अ‍ॅपकडे आहे याची नोंदवही कार्यप्रणाली ठेवते. वसाहतीचे कार्यालय भूखंडांची वही ठेवते, तसेच हे.

जागा संपते तेव्हा

वसाहतीतील भूखंड संपले तर नव्या अर्जदारास ‘थांबा’ असे सांगता येते. फोनला ती सोय नाही. पडद्यावर बोट ठेवले की अ‍ॅप उघडलेच पाहिजे. म्हणून जागा कमी पडू लागताच कार्यप्रणाली तीन उपाय क्रमाने योजते.

पहिला उपाय असा की, जी पृष्ठे साठवणीतून पुन्हा जशीच्या तशी आणता येतील, ती सोडून द्यावयाची. दुसरा उपाय दाबून बसविण्याचा. जी पृष्ठे सध्या वापरात नाहीत, ती आकुंचित करून कार्यस्मृतीच्याच एका कोपऱ्यात ठेवावयाची, म्हणजे दोन-तीन पृष्ठांचा मजकूर एका पृष्ठाच्या जागेत मावतो. रजया घट्ट गुंडाळून ट्रंकेत भराव्यात, तसाच हा प्रकार. लिनक्स या मूळ प्रणालीत हे तंत्र ‘झेडरॅम’ नावाने आहे. नितीन गुप्ता यांनी ‘कॉम्पकॅश’ या नावाने आरंभलेल्या कामातून ते वाढले आणि २०१४ साली लिनक्सच्या गाभ्यात रीतसर दाखल झाले. अर्थात गुंडाळणे आणि उलगडणे यांसाठी प्रक्रियकास श्रम पडतात, आणि श्रम म्हणजे वेळ व वीज.

तिसरा उपाय कठोर आहे. मागे पडलेल्या अ‍ॅप्सना त्यांच्या महत्त्वानुसार गुण दिलेले असतात. ज्याचे महत्त्व सर्वांत कमी, ते अ‍ॅप सरळ बंद केले जाते. अर्ज अर्धवट भरून, सांकेतिक अंक पाहण्यासाठी क्षणभर संदेशाच्या अ‍ॅपमध्ये जावे आणि परत यावे, तो अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून कोरा दिसावा, हा अनुभव अनेकांस आला असेल. तेथे बिघाड कसलाच नसतो. अर्जाचा मंडप तेवढ्यात उठवला गेलेला असतो.

याहून वाईट अवस्थाही आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली दाखवून दिले की, प्रत्येक कामाला ठरावीक काळात पृष्ठांचा एक ठरावीक संच लागतोच. सर्व चालू कामांच्या संचांची बेरीज उपलब्ध स्मृतीहून मोठी झाली, की यंत्र काम करण्याऐवजी केवळ पृष्ठांची उचलठेव करीत राहते. ही अवस्था हळूहळू येत नाही, ती एका मर्यादेनंतर एकदम येते. काल ठीक चालणारा फोन आज अचानक रखडू लागला असे जे वाटते, त्याचे एक कारण येथे आहे. नव्या आवृत्तीने जागेची मागणी थोडीच वाढविली असेल. परंतु तो थोडासा भार मर्यादेच्या पलीकडे नेणारा ठरतो.

नव्या सुविधांचा भार

कोणत्याही एका सुविधेस सहसा दोष देता येत नाही. पाठीमागे पावले मोजणे, छायाचित्रांतील चेहरे ओळखून त्यांची वर्गवारी करणे, स्थानाचा माग ठेवणे, सूचनांची छाननी करणे, पडद्यावर धूसर काचेचा आभास निर्माण करणे. प्रत्येक सुविधा आपला लहानसा भूखंड मागते. परंतु अ‍ॅप बंद करता येते, तशा या सेवा बंद पडत नाहीत. त्या वसाहतीतील रस्ते आणि नळ यांसारख्या असतात. त्यांची जागा आधी वजा होते आणि उरलेली रहिवाशांना मिळते.

अलीकडे आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची सुविधा मात्र जातीने वेगळी आहे. फोनमध्येच चालणाऱ्या भाषाप्रारूपाचे गणित करून पाहण्याजोगे आहे. अ‍ॅपलने २०२४ साली वर्णिलेल्या अशा प्रारूपात सुमारे ३०० कोटी संख्या आहेत. प्रत्येक संख्येस १६ अंकस्थाने दिली, तर एकूण सहा गिगाबाइट जागा लागेल. म्हणून त्या संख्या सरासरी ३.७ अंकस्थानांपर्यंत दाबण्यात आल्या. तरीही सुमारे १.४ गिगाबाइट जागा लागतेच. शिवाय उत्तरातील प्रत्येक शब्दखंड तयार करताना या साऱ्या संख्या पुन्हा एकदा वाचाव्या लागतात, त्यामुळे त्या दूर साठवणीत ठेवून भागत नाही. अ‍ॅपलने ही सुविधा आठ गिगाबाइट कार्यस्मृती असलेल्या आयफोन १५ प्रो व त्यापुढील फोनांनाच दिली, त्याचे एक मोठे कारण हेच. मार्च २०२४ मध्ये गूगलनेही आठ गिगाबाइटच्या पिक्सेल ८ या फोनला असे प्रारूप देता येणार नाही असे प्रथम सांगितले. थोड्याच दिवसांत भूमिका बदलली, पण ती सुविधा विकासकांसाठी असलेल्या पर्यायाच्या रूपाने दिली. दोन-चार गिगाबाइटच्या फोनचा तर येथे प्रश्नच उरत नाही.

‘चार अधिक चार’चे कोडे

दुकानातील खोक्यांवर अलीकडे ‘चार अधिक चार गिगाबाइट रॅम’ असा मजकूर दिसतो. ग्राहकाने त्याची बेरीज आठ अशी करू नये. यातील दुसरे चार हे साठवणीतून उसने घेतलेले असतात. कोठीतील एका फळीस ओटा म्हटले, तरी तिच्यावर पोळ्या लाटता येत नाहीत. क्वचित लागणारी पृष्ठे तेथे ठेवून काही अ‍ॅप्स बंद होण्यापासून वाचतात, इतका लाभ खरा. परंतु वेग साठवणीचाच राहतो. शिवाय साठवणीवर पुनःपुन्हा लिहिल्याने तिची झीज होते.

दोष नेहमी आवृत्तीचा नसतो

नवी आवृत्ती बसविल्यावर पहिला-दुसरा दिवस फोन तापतो आणि मंद चालतो. त्या काळात अ‍ॅप्सची यंत्रभाषेत नव्याने मांडणी होत असते, जुन्या तात्पुरत्या नोंदी पुसून नव्या तयार होत असतात. हे काम बरेचसे फोन निष्क्रिय असताना आणि वीजभरण चालू असताना होते. म्हणून रात्रभर वीजभरणास लावून मगच निवाडा करावा.

दुसरे कारण भरलेली साठवण. या साठवणीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही; आधी मोठा गट पुसावा लागतो. मोकळी जागा थोडी उरली की ही पुसापुशी प्रत्येक कामाच्या आड येते.

तिसरे कारण जुनी विद्युत्‌घटमाला. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की, बॅटरी जीर्ण झालेल्या काही आयफोनांचा कमाल वेग कार्यप्रणालीच्या एका आवृत्तीद्वारे कमी करण्यात आला होता. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून हे केले, असा कंपनीचा खुलासा होता. परंतु ग्राहकांस ते आधी सांगितलेले नव्हते, आणि फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२० मध्ये याच कारणास्तव २ कोटी ५० लाख युरोचा दंड जाहीर केला. इटलीतील स्पर्धा नियामकाने तर ऑक्टोबर २०१८ मध्येच अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला होता. जुने फोन नीट पेलू शकणार नाहीत अशा आवृत्त्या पुरेशी कल्पना न देता ग्राहकांकडून बसवून घेतल्या, असा त्याचा आशय होता. तेव्हा जनसामान्यांची तक्रार केवळ भ्रम होती असे म्हणता येणार नाही.

उलट दिशेचे प्रयत्न

तथापि नवी आवृत्ती म्हणजे मंदपणा, असे समीकरण मांडणेही चूक आहे. २०१३ सालच्या अँड्रॉइड ४.४ आवृत्तीचा एक हेतू ५१२ मेगाबाइटच्या फोनवरही नीट चालावे हा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘अँड्रॉइड वन’ फोन प्रथम भारतातच आले. एक गिगाबाइट कार्यस्मृती आणि ६,३९९ रुपयांपासून किंमत. डिसेंबर २०१७ मध्ये एक गिगाबाइट वा त्याहून कमी कार्यस्मृतीच्या फोनांसाठी ‘गो’ ही हलकी आवृत्ती निघाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीस आलेला जिओफोन नेक्स्ट हा दोन गिगाबाइटचा फोन अशाच हलक्या प्रणालीवर चालणारा होता. मात्र २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ च्या ‘गो’ आवृत्तीस किमान दोन गिगाबाइट आवश्यक ठरले. हलकेपणाची व्याख्याही काळाबरोबर जड होत जाते, हे यातून दिसते.

अ‍ॅपलच्या २०१८ सालच्या आयओएस १२ या आवृत्तीचा तर मुख्य उद्देशच जुन्या यंत्रांचा वेग वाढविणे हा होता, आणि २०१३ सालचा आयफोन ५एसदेखील तीत सामावून घेतला होता.

सर्वांत उद्बोधक उदाहरण पृष्ठाच्या मापाचे. २०२४ सालच्या अँड्रॉइड १५ आवृत्तीपासून चारऐवजी १६ किलोबाइटांच्या पृष्ठास आधार मिळाला. भूखंड मोठे केले की वहीतील नोंदी कमी होतात. चार गिगाबाइटसाठी १०,४८,५७६ ऐवजी २,६२,१४४. शोध लवकर लागतो. गूगलच्या मोजणीत स्मृतीवर ताण असताना अ‍ॅप्स सरासरी ३.१६ टक्के लवकर उघडली, काही तर ३० टक्क्यांपर्यंत. फोन सुरू होण्याचा वेळ सुमारे आठ टक्के घटला. पण याची किंमत आहे. पाच किलोबाइटांचा मजकूर ठेवावयाचा झाल्यास लहान मापाची दोन पृष्ठे लागून तीन किलोबाइट वाया जात. आता एकच पृष्ठ लागते, पण ११ किलोबाइट वाया जातात. एकूण वापर थोडा वाढतोच. ज्याच्यापाशी जमीन मुबलक, त्याला मोठे भूखंड परवडतात; ज्याच्यापाशी ती मोजकी, त्याने लहानच बरे. एकाच सुधारणेने एकाचा फोन चपळ आणि दुसऱ्याचा जड कसा होऊ शकतो, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

मग निर्णय कोणता?

आता त्या विद्यार्थिनीकडे परत वळू. प्रथम तिने सूचना नीट वाचावी. केवळ सुरक्षेची दुरुस्ती असेल, तर ती विनाविलंब बसवावी. तिचा भार नगण्य असतो आणि तिच्यावाचून बँकेचे व्यवहार धोक्यात येतात. संपूर्ण नवी आवृत्ती असेल, तर मात्र परीक्षेच्या आठवड्यात ती हाती घेऊ नये, कारण एकदा बसविल्यावर मागे फिरणे बहुधा शक्य नसते. छायाचित्रे व टिपणे अन्यत्र उतरवून ठेवावीत, साठवणीचा निदान दहावा हिस्सा मोकळा करावा, न लागणारी अ‍ॅप्स काढून टाकावीत, आणि मग रात्री वीजभरण चालू असताना आवृत्ती बसवावी. पुढे फोन जड वाटलाच, तर शोभेच्या व पाठीमागे चालणाऱ्या सुविधा एकेक करून बंद कराव्यात. दर पाच मिनिटांनी सर्व अ‍ॅप्स झटकून बंद करण्याची सवय मात्र सोडावी. बंद केलेले अ‍ॅप पुन्हा उघडताना सारी सामग्री कोठीतून नव्याने आणावी लागते, आणि वाचलेल्या जागेपेक्षा गेलेला वेळ व वीज अधिक भरते.

इतके करूनही एक गोष्ट तिच्या हाती नाही. आवृत्ती किती जागा मागेल हे दूरवर कोठेतरी ठरते, आणि ठरविणाऱ्यांच्या मेजावर बहुधा मोठ्या स्मृतीचे फोन असतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी, एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याच्या कार्यप्रणालीच्या सुधारणा उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे. ही चांगली सुरुवात होय. परंतु सुधारणा मिळणे आणि ती जुन्या यंत्रास पेलणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नव्या आवृत्तीच्या सूचनेत ती कोणत्या नव्या सुविधा देते हे सविस्तर लिहिलेले असते. ती आपल्या फोनची किती जागा घेईल, हे त्याच ओळींखाली सांगणे अवघड नाही. कारण तो आकडा मोजता येतो. वसाहतीत घर घेणाऱ्यास भूखंडाचे माप आधी सांगावे लागते. हातातील यंत्राबाबतही तेवढीच अपेक्षा करणे मुळीच अवाजवी नाही.